स्मारकांजवळच्या डब्या

पोलीस ठाणे हॅरो पॉइंट, नोव्हा स्कोशिया
दिनांक ११ नोव्हेंबर २०२२, दुपार

नाव: ग्लेनिस आयझनॉर. वय: ३६ वर्षे. धंदा: शिडे शिवण्याच्या कारखान्यात शिवणकाम. पत्ता: तोंडी सांगितला आहे, या कागदावर लिहू नये.

मी आपण होऊन ठाण्यात आले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कॉर्पोरल नदीन पेटिपा यांच्यासमोर बसून मी सांगते ते असे:

वरील नाव मी तीन वर्षांपूर्वी घेतले. त्याआधी मी केप ब्रेटनच्या उत्तर टोकाला लग्नाच्या नावाने राहत होते. माझा पूर्वीचा नवरा वेड अँथनी सुरेट हा शेवंडांची, म्हणजे लॉब्स्टरची, मासेमारी करतो. माझ्या उजव्या मनगटात धातूची पट्टी आहे. ती का बसवावी लागली ते कोर्टाच्या कागदांत आहे, पुन्हा सांगत नाही. कोर्टाने त्याला मनाई हुकूम दिलेला आहे की त्याने माझ्याशी किंवा आमची मुलगी विनी हिच्याशी कोणत्याही मार्गाने संबंध ठेवू नये आणि आम्ही असू तेथे फिरकू नये. हा हुकूम अजून लागू आहे. विनी नऊ वर्षांची असून येथील शाळेत चौथीत शिकते. याआधी आम्ही दोन गावे सोडली. हे तिसरे. येथे विनीला मैत्रिणी आहेत, आधीच्या दोन गावांत नव्हत्या.

कॉर्पोरल पेटिपा यांनी खेळाबद्दल विचारले म्हणून सांगते. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी एक डबी लपवतो आणि तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतो. बाकीचे फोन हातात धरून ती शोधत जातात. सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचे आणि डबी होती तशी परत ठेवायची. बक्षीस काही नसते. मोठी माणसे झुडपात डोके घालून काय करत आहेत, याचा येणाऱ्याजाणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढीच मजा. मात्र नव्या डबीच्या कोऱ्या कागदावर पहिले नाव आपले पडावे म्हणून लोक भरल्या ताटावरून उठून धावतात. मीही त्यातलीच. पहिला येणारा नावापुढे वेळसुद्धा लिहितो, तशी पद्धतच आहे.

वेड आणि मी हा खेळ सहा वर्षे खेळलो. तो लपवायचा, मी शोधायची. घरात त्याला माझ्याशी दोन वाक्ये धड बोलता येत नसत, पण डबी लपवून, मी ती शोधेपर्यंत गाडीत बसून राहायला जमत असे. मी झुडपे धुंडाळताना तो काचेतून बघत असायचा. त्या वेळी मला ते प्रेम वाटत होते.

घर सोडले तेव्हा खेळही सोडला. येथे आल्यावर पुन्हा सुरू केला, पण सावधपणे. नेटवर मी काहीही लिहीत नाही. फक्त डबीतल्या कागदावर ‘तिरका टाका’ असे खेळातले नाव लिहिते. माझ्यासोबत घरमालक लोर्न मॅकआस्किल असतात. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, फेरीबोटीवरून निवृत्त झाले आणि माजी सैनिकांच्या क्लबात निशाण धरण्याचे काम करतात. ते गाडी चालवतात, मी शोधते आणि विनी मागे बसून ओटकेकची बिस्किटे खात दोघांच्या चुका काढते.

१५ ऑक्टोबर, शनिवारी सकाळी फोनवर नव्या डबीची सूचना आली. लपवणाऱ्याचे नाव ‘शांत पाणी’ असे होते, ते मी तोवर पाहिलेले नव्हते. डबी अप्पर टील गावच्या युद्धस्मारकाजवळ होती. स्मारकाच्या दगडावर पडलेल्या सैनिकांची नावे असतात. त्यांतला सर्वांत लहान किती वर्षांचा, एका आडनावाचे भाऊ किती, अशा प्रश्नांच्या उत्तरांतून आकडे मिळवायचे आणि त्या आकड्यांवरून जवळची डबी गाठायची, असा बेत होता. लोर्न यांना तो फार आवडला. ११ नोव्हेंबरला युद्धात पडलेल्यांचा स्मरणदिन असतो. त्याआधी आसपासची स्मारके धुऊन पुसून ठेवणे हे त्यांच्याच क्लबाचे काम, त्यामुळे बादली आणि ब्रश त्यांनी गाडीत टाकलेलेच होते.

“माणूस सभ्य दिसतोय,” दगडापाशी उभे राहून ते म्हणाले. “स्मारकाला धक्का न लावता डबी ठेवलीय. नाहीतर गेल्या वर्षीचा तो गाढव. तोफेच्या तोंडात डबी कोंबून गेला होता.”

“आणि ती काढताना तुमचाच हात अडकला होता, मिस्टर मॅक,” विनी म्हणाली.

“ते इथे सांगायची गरज होती का?”

“मग कुठे सांगू? बाईंना वर्गात सांगून झालंय.”

डबी कुंपणामागे एका सपाट दगडाखाली होती. कागद कोरा होता. मी नाव आणि वेळ लिहिली. मला खूप आनंद झाला. हे मुद्दाम लिहून घ्यावे असे मी कॉर्पोरल पेटिपा यांना सांगितले, कारण सगळे त्या आनंदावरच बेतलेले होते.

पुढच्या शनिवारी त्याच माणसाची दुसरी डबी आली. सँडी ब्रूकच्या स्मारकाजवळ, पहिलीपेक्षा जवळ. तिसरी २९ तारखेच्या शनिवारी, मिलर्स नेक येथे. तेथे आमच्या घरून जायला पंधरा मिनिटे लागतात. दोन्ही ठिकाणी पहिले नाव माझेच पडले. मिलर्स नेकला उतरताना लोर्न म्हणाले, “हा पठ्ठ्या तुझ्या सोयीने डब्या मांडतोय गं. पुढची दूधवाल्यासारखी दारातच ठेवून जाईल.” मी हसले. विनी तर बराच वेळ हसत होती.

तिसरी डबी स्मारकामागच्या स्प्रूसच्या झाडाच्या ढोलीत दोऱ्याने टांगलेली होती. ती काढून मी नाव लिहिले, वेळ लिहिली, आणि परत टांगताना दोऱ्याकडे लक्ष गेले. शेवंडांच्या पिंजऱ्याला बांधतात तो हिरवा दोरा. टोक लायटरने वितळवून अंगठ्याने चपटे दाबलेले. तेवढे या किनाऱ्यावर सगळेच करतात. पण गाठ डावखुऱ्या माणसाची होती, दोन वेढे घेऊन शेपूट उलट्या बाजूने आत घेतलेली. आमच्या घरात कपडे वाळत घालायची दोरी सगळी वर्षे तशाच गाठीवर होती. वेड डावखुरा आहे. बोटीवरचे इतर लोक त्या गाठीवरून त्याची थट्टा करायचे.

गाठ मी ओळखली. त्या क्षणी कागद फाडून खिशात घालायला हवा होता, हे आता कळते. तेव्हा सुचले नाही. डबी होती तशी परत ठेवायची, ही सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की मी ती नीट सरळ टांगली, वर झाडाची साल लावून झाकलीसुद्धा, आणि गाडीत येऊन बसले.

“काय झालं? चेहरा का असा?” लोर्न यांनी विचारले.

“थंडी वाजतेय.”

“हीटर लावलाय की. मला तर घाम फुटलाय.”

विनी मागे होती, म्हणून मी पुढे बोलले नाही.

कॉर्पोरल पेटिपा यांनी विचारले की मी त्याच दिवशी ठाण्यात का आले नाही. त्याचे कारण त्यांनाही ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात घरासमोर एक पिकअप दोन दिवस उभा होता आणि मी ठाण्यात फोन केला होता. तो शेजारच्यांचा नळदुरुस्तीवाला निघाला. बिचाऱ्याला पोलिसांनी पाइपांसकट खाली उतरवले. तेव्हापासून तो मला रस्त्यात दिसला की टोपी काढून म्हणतो, “आज पिकअप घरीच आहे बरं का, बाई.” गाव हसते. मीही हसते. त्यामुळे एका गाठीवरून पुन्हा ठाण्यात जायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी विनी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलेली असताना मी लोर्न यांना सगळे सांगितले. तोवर त्यांना एवढेच माहीत होते की माझे लग्न मोडले आहे. ते मग म्हणाले, “गाठ एक असू शकते, पोरी. पण तू तर नाव बदललंयस. कागदावर ‘तिरका टाका’ वाचून त्याला काय कळणार?”

मी म्हटले, “नाव बदललं. अक्षर बदलायचं राहिलं.”

डबी लपवणारा केव्हाही जाऊन आपल्या डबीतला कागद बघू शकतो. त्यात गैर काही नाही. नेटवर सूचना किती वाजता निघाली हे त्याला माहीत असते आणि पहिला माणूस किती वाजता पोचला हे कागदावर असते. मधला वेळ म्हणजे त्या माणसाचे घर किती लांब. एका डबीवरून काही कळत नाही. तीन डब्यांवरून कळते.

लोर्न यांनी जिल्ह्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. कंपास घरात नव्हता. अप्पर टीलसाठी आम्ही तव्याचे झाकण घेतले, सँडी ब्रूकसाठी छोट्या पातेल्याचे, मिलर्स नेकसाठी बशी. झाकणे नकाशावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. तिन्ही वर्तुळे बंदराच्या पाण्यात एकमेकांना कापत होती.

“बघ,” लोर्न यांना एकदम हुशारी आली. “समुद्रात आलं. मी गाडी हळू चालवतो ना, त्याचा हिशेब चुकला. आयुष्यभर सगळे मला नावं ठेवत आलेत, घे आता.”

“लोर्न, त्या पाण्याच्या काठावर गाव कोणतं आहे?”

त्यांनी बशी उचलून न धुताच कपाटात ठेवून दिली.

नंतर आम्ही ‘शांत पाणी’ या नावाच्या सगळ्या डब्या नेटवर पाहिल्या. एप्रिलपासून त्याने प्रांतभर स्मारकांजवळ डब्या ठेवल्या होत्या. प्रत्येक जिल्ह्यात दोन किंवा तीन, मग थोडा काळ काही नाही, मग पुढचा जिल्हा. आमच्याकडे येईपर्यंत तो अर्ध्याहून अधिक प्रांत पालथा घालून आला होता. मी इथे असल्याचे त्याला कोणीही सांगितलेले नसावे. शेवंडांचे पिंजरे टाकतात तसे त्याने सगळीकडे टाकले आणि कोणत्या पिंजऱ्यात मी येते ते बघितले. हे कळल्यावर मला एका गोष्टीचे बरे वाटले की ओळखीच्या कोणावर संशय घ्यायची वेळ आली नाही. बाकी बरे वाटण्यासारखे काही नव्हते.

३१ तारखेला, सोमवारी सकाळी आम्ही मिलर्स नेकला तो दोरा आणायला गेलो. ढोली रिकामी होती. डबी, कागद, दोरा, काहीच नव्हते. तेथून आम्ही थेट ठाण्यात आलो. कॉर्पोरल पेटिपा यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला खोटं ठरवत नाहीये. पण झाडात प्लास्टिकची डबी ठेवणं हा गुन्हा नाही. त्यानंच ठेवली याला आज पुरावा नाही. तुम्हाला तो दिसला का?” मी म्हटले, नाही. त्या म्हणाल्या, “दिसला तर मग हुकूम मोडला असं होतं. दिसला की लगेच कळवा.” हे वाक्य लिहायचे का, असे त्यांनी आता मला विचारले. मी हो म्हटले. त्या वेळी त्यांनी स्वतःचा फोन नंबरही दिला होता, तेही लिहावे.

त्याच संध्याकाळी हॅलोविन होते. दारावर मुखवटे घातलेली मुले आणि त्यांच्यामागे मुखवटे घातलेले बाप येत होते. मी गोळ्या वाटत होते आणि प्रत्येक बापाची उंची बघत होते.

५ नोव्हेंबरला चौथी डबी आली. ती हॅरो पॉइंटच्या, म्हणजे आमच्याच गावच्या स्मारकाजवळ होती. मी कॉर्पोरल पेटिपा यांना कळवले, मग फोन पिठाच्या डब्यात ठेवला आणि दिवसभर घरात बसले. विनीने विचारले, “आपण का नाही जायचं? चालत पाच मिनिटं आहे. दुसरं कोणीतरी पहिलं येईल ना.” मी म्हटले, “येऊ दे.” ती तिच्या खोलीत गेली. मी काहीही सांगितले नाही. तिला भीती वाटू नये असा माझा हेतू होता. पोलिसांनी ती डबी ताब्यात घेतली. तिच्यावर दोरा नव्हता आणि आतल्या कागदावर हायस्कूलच्या एका शिक्षकाचे नाव होते.

आजच्या समारंभाला विनीला पाठवू नये, असे मला वाटत होते. दर वर्षी चौथीची मुले स्मारकाच्या पायरीवर उभी राहून दगडावरचे एकेक नाव मोठ्याने वाचतात. विनीच्या वाट्याला एलिस कोर्कम या सैनिकाचे नाव आले होते, वय एकोणीस. दोन आठवडे ती आंघोळ करतानासुद्धा ते नाव म्हणत होती. लोर्न म्हणाले, “सगळं गाव तिथे असेल. पोलीस असतील, अग्निशामकवाले असतील, मी असेन. तिला घरात कोंडून तू एकटी बसलीस तर तिथे कोण असेल?” मला ते पटले. अजूनही मला वाटते की त्यांचे चुकले नाही.

समारंभाला सुमारे तीनशे लोक होते. सर्वांच्या कोटावर पडलेल्या सैनिकांच्या आठवणीची खसखशीची लाल फुले होती. मी स्मारकाच्या डाव्या बाजूला, बेकरीच्या भिंतीला पाठ लावून उभी होते. मुलांनी नावे वाचली. विनीने तिचे नाव न अडखळता वाचले. मग बिगुल वाजले आणि अकराला दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. लोर्न यांनी निशाण जमिनीकडे झुकवून डोळे मिटले. कॉर्पोरल पेटिपा लाल गणवेशात सलाम धरून उभ्या होत्या. सर्वांच्या माना खाली होत्या. माझी नव्हती, कारण दोन आठवड्यांत मी मान खाली घालायचे सोडून दिले होते.

वेड समोरच्या बाजूला अग्निशामकवाल्यांच्या मागे उभा होता. त्याने दाढी वाढवली आहे. टोपी डाव्या हातात होती आणि कोटावर फूल होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो विनीकडे बघत होता. विनी आमच्या दोघांच्या मध्ये पायरीवर उभी होती. तिच्यापासून तो माझ्यापेक्षा जवळ होता.

मी जागेवरून हलू शकले नाही. या गावात त्या दोन मिनिटांत लोक खोकलासुद्धा गिळतात. माझ्या शेजारी बेव्हरली कोर्कमबाई होत्या. एलिस त्यांच्या सासऱ्यांचा भाऊ. त्या डोळे मिटून उभ्या होत्या. मी त्यांची बाही ओढली. त्यांनी डोळे न उघडता माझा हात थोपटला. मला रडू येत असेल असे त्यांना वाटले असावे. पळत जावे तर गर्दीतून वाट काढेपर्यंत तो पायरीपाशी पोचला असता. फोन काढावा तर नंबर लावेपर्यंत तेवढाच वेळ गेला असता. त्याने एक पाऊल पुढे टाकले. सगळे इतके स्तब्ध होते की ते एक पाऊल मला गाडी अंगावर आल्यासारखे वाटले.

तीन वर्षांत मी त्याचे नाव कधीही मोठ्याने घेतलेले नव्हते. कोर्टातसुद्धा वकील घेत असे. मी ओरडले, “वेड अँथनी सुरेट.” मुलांनी दगडावरची नावे वाचली तसेच, पूर्ण. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा मी हात लांब करून त्याच्याकडे दाखवले.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे. त्याने माझ्याकडे बघितले. घरात काही फुटले की कोणी फोडले हे बघायला तो असाच बघायचा. मग त्याने टोपी घातली, वळला आणि गर्दीतून चालत निघाला. धावला नाही. लोकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. एका बाईने तर “सॉरी” म्हटले. त्यांचा दोष नाही. त्याला अडवायचे असते हे त्यांना कसे ठाऊक असणार? कॉर्पोरल पेटिपा सलाम सोडून धावल्या, परंतु त्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत करड्या रंगाचा पिकअप निघून गेला होता. नंबरप्लेट मला दिसली नाही. हा जबाब लिहून होईपर्यंत तो सापडल्याची खबर नाही.

मी पायरीपाशी जाऊन विनीला धरले. क्लबाचे सचिव हर्ब झिंक मागून आले आणि म्हणाले, “काय असेल ते असेल, पण दोन मिनिटं थांबता आलं नसतं का तुम्हाला?” लोर्न यांच्या हातात अजून निशाण होते. ते म्हणाले, “दगडावरच्या मंडळींना काही घाई नाही, हर्ब. ते परत पहिल्यापासून थांबतील. तू बाजूला हो.” त्यानंतर बिगुलवाल्याने काय करावे हे न कळून पुढची धून वाजवून टाकली.

लोक आमच्याभोवती जमले. बेव्हरली कोर्कमबाईंनी त्यांचा कोट विनीला घातला. त्याला बघितलेले किमान तीसजण जबाब द्यायला तयार आहेत, त्यांची नावे लोर्न यांनी दिली आहेत. तेव्हा आता तो दिसला की नाही हा प्रश्न राहिलेला नाही.

ठाण्याकडे येताना गाडीत मी विनीला म्हटले, “तू घाबरलीस ना? मी एकदम ओरडले म्हणून?”

ती म्हणाली, “नाही. मला वाटलंच होतं तो आज येईल.”

“का वाटलं?”

“बुधवारी आमची तालीम होती ना, तेव्हा पण आला होता. तिथेच उभा होता. त्यानं मला हात केला.”

“मग तू काय केलंस?”

“मी पण केला. म्हणजे तो जाईल. आणि गेला.”

मी विचारले, “विनी, मला का नाही सांगितलंस?”

तिने कोर्कमबाईंच्या कोटाच्या लांब बाह्या वर सारल्या. मग म्हणाली, “तू परत सामान बांधलं असतंस.”

  विनीचा जबाब वेगळा घेणार असल्याचे मला सांगण्यात आले. तो घेताना मला तिच्या शेजारी बसू द्यावे.

वर लिहिलेले कॉर्पोरल पेटिपा यांनी मला सावकाश वाचून दाखवले. शेवटचा भाग माझ्या सांगण्यावरून दोनदा वाचला. त्यात मी बोलले त्याहून जास्त किंवा कमी काही नाही. सर्व खरे आहे म्हणून खाली सही करते.

(सही) ग्लेनिस आयझनॉर
समक्ष: कॉर्पोरल नदीन पेटिपा